लाल दिवा एक, कारणं दोन: रसवंतीच्या ब्रशलेस कंट्रोलरचं प्रकरण

पुण्यात सारसबागेच्या परिसरात लागणाऱ्या एका रसवंतीच्या गाड्यावरचा चरक चालता चालता बंद पडायचा. मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर लाल दिवा लागायचा आणि दिव्याखाली ‘ओव्हरलोड’ असं छापलेलं. किल्ली बंद करून परत चालू केली की चरक काही झालंच नाही अशा थाटात फिरायला लागायचा. कधी दिवसभर काही नाही, कधी तासाभरात तीनदा. हे सगळं ऐन एप्रिलात, म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांवर रसवंतीवाल्यांचं वर्ष निघतं त्या दिवसांत.

गाडा बॅटरीवरचा. ४८ व्होल्टची ७५० वॉटची ब्रशलेस मोटर, पुढे गिअरबॉक्स, त्यावर ऊस चिरडणाऱ्या लाटा. कंट्रोलर मोटरच्या शेजारी, रसाच्या ट्रेखाली पत्र्याच्या पेटीत. पेटीला दुपारचं ऊन थेट लागतं. उसाचं काम मोटरच्या दृष्टीने वाईट असतं: वेग कमी, टॉर्क जास्त आणि भार झटक्याने येणारा. दुमडलेलं चिपाड, मध्ये आलं-लिंबू, तिसऱ्यांदा घातलेला ऊस, कांड्यावरची गाठ, यातलं काहीही लाटांमध्ये गेलं की करंट उसळतो. त्यामुळे ‘ओव्हरलोड’ वाचून सगळ्यांनी एकच अर्थ लावला, की ऊस जाड आहे.

धायरीच्या आमच्या वर्कशॉपात कंट्रोलर आला तोवर त्याच्यावर बरेच हात फिरले होते. आधी लेड-ॲसिड बॅटऱ्या काढून लिथियम पॅक बसवला गेला. मग मोटरमधले हॉल सेन्सर, म्हणजे रोटरची जागा ओळखणारे सेन्सर, बदलले. मग कोणीतरी ‘करंट वाढवून दिला’. त्यानंतर कंट्रोलर तापतो म्हणून आणखी कोणीतरी पंखा लावून दिला. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले आणि दुखणं परत आलं.

बॅटरी बदलण्यात गेलेले पैसे खरं तर वाचले असते. पॅकमधल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) पुरवठा तोडला तर कंट्रोलरचे सगळेच दिवे विझतात, कारण दिव्यांनाही वीज त्याच बॅटरीतून मिळते. इथे मोटर थांबायची पण लाल दिवा जळत राहायचा. म्हणजे बॅटरी जागेवर होती, कंट्रोलरचा मेंदू जागा होता आणि त्यानेच ठरवून मोटर बंद केली होती. हॉल सेन्सरचंही तेच. तीन हॉलपैकी तिन्ही शून्य किंवा तिन्ही एक अशी अशक्य जोडी आली तर हा कंट्रोलर दिवा लुकलुकवतो. हा दिवा स्थिर लागायचा. दिव्याकडे नीट बघितलं असतं तर दोन खर्च टळले असते. पण दिव्याखाली शब्द छापला असेल तर माणूस दिव्याकडे बघत नाही, शब्द वाचतो.

कंट्रोलर घेऊन गाडा चालवणाऱ्या मावशी स्वतः आल्या होत्या, सोबत मुलगा. मुलाने सगळी हकिगत सांगितली, त्यात जाड ऊस होताच. मी विचारलं, “बंद पडतं तेव्हा दरवेळी लाटांमध्ये ऊस असतो का?”

तो म्हणाला, “असतोच की.”

मावशींनी त्याला तोडलं. “नाही रे. दादा, दोन तऱ्हा आहेत बघा. एक म्हंजे घुंगरू अडखळत अडखळत थांबतात. आन् कधी कधी नुसते गप होतात. तवा ऊस नसतो पण आत, नुसताच फिरत असतो.”

चरकाच्या चाकाला घुंगरू बांधायची पद्धत आहे, गिऱ्हाइकाला लांबून ऐकू जावं म्हणून. मावशी दिवसभर त्या आवाजाच्या शेजारी उभ्या असतात. त्यांच्या त्या दोन वाक्यांत अर्धं निदान होतं: लाटा अडकून करंट वाढला तर वेग आधी पडतो आणि मग कंट्रोलर ट्रिप होतो, वेग न पडता मोटर एकदम सुटली तर करंटचा संबंध असण्याची शक्यता कमी. मी आणखी एक विचारलं, हे ‘गप होणं’ गर्दीत जास्त की रिकाम्या वेळी? त्या म्हणाल्या, “गर्दीत नाही होत. चार-पाच गिऱ्हाईक तुरळक असलं की मग.”

ओव्हरलोडचा दोष भाराच्या वेळी गायब आणि निवांतपणी हजर, हे कोणत्याही हिशोबात बसत नव्हतं.

आता बोर्डाकडे. पॉवर भागात आयआरएफबी४११० जातीची मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे स्विच, एकेका जागी दोन-दोन, मिळून बारा. ही १०० व्होल्टची मॉस्फेट ४८ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये सर्रास दिसतात. त्यांची गेट (उघडझाप करणाऱ्या पिना) चालवायला आयआर२१३६, म्हणजे तिन्ही फेज एकाच चिपमधून चालवणारा गेट ड्रायव्हर. ही चिप मूळची इंटरनॅशनल रेक्टिफायरची. २०१५ साली ती कंपनी इन्फिनिऑनमध्ये गेली. चिपला १५ व्होल्टचा पुरवठा बोर्डावरच्या बक कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमधून) मिळतो आणि त्याच १५ व्होल्टमधून ७८०५ या रेग्युलेटरमार्फत मायक्रोकंट्रोलरचे ५ व्होल्ट निघतात.

या चिपची फॉल्ट नावाची एक पिन आहे. ती दोन कारणांनी खाली जाते. एक, आयट्रिप पिनवरचा व्होल्टेज उंबरठ्याच्या वर गेला, म्हणजे शंटमधून (करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरमधून) जास्त करंट गेला. दोन, चिपचा स्वतःचा पुरवठा खाली घसरला. साधारण ८.२ व्होल्टच्या खाली गेला की चिप सहाही आउटपुट बंद करते, कारण अर्धवट उघडलेलं मॉस्फेट जळतं. दोन्ही वेळा पिन तीच. या कंट्रोलरचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने फॉल्ट पिन खाली गेली की मोटर बंद, लाल दिवा लावा आणि किल्ली फिरवेपर्यंत थांबा, एवढंच लिहिलेलं. पॅनल छापणाऱ्याने त्या दिव्याला ‘ओव्हरलोड’ म्हटलं. दोन कारणांपैकी एक तिथेच गाळलं गेलं.

तिसरी एक शक्यता मनात येते ती हाय साइडच्या, म्हणजे वरच्या मॉस्फेटच्या गेटला वीज पुरवणाऱ्या बूटस्ट्रॅप कपॅसिटरची. मोटर अडून राहिली आणि वरचं मॉस्फेट बराच वेळ सलग चालू राहिलं तर तो कपॅसिटर रिकामा होत जातो आणि वरचा आउटपुट बंद होतो. पण ते ही चिप फॉल्ट पिनवर सांगतच नाही. तिथे अंडरव्होल्टेज झालं तर तो आउटपुट गुपचूप बंद होतो आणि इनपुटवर नवा बदल येईपर्यंत बंदच राहतो. आपल्याकडे दिवा लागत होता. म्हणून हे कारण बाजूला ठेवलं.

उरलेल्या दोन कारणांमध्ये फरक करायला एक सोय चिपच्या डेटाशीटमध्येच, म्हणजे माहितीपत्रकातच आहे. करंटमुळे फॉल्ट आला तर तो लगेच सुटत नाही; आरसीइन पिनवरचा रेझिस्टर-कपॅसिटर भरेपर्यंत धरून ठेवला जातो. डेटाशीटमधल्या नमुन्याच्या जोडीला, २ मेगाओहम आणि १ नॅनोफॅरॅडला, हा वेळ सुमारे १.६५ मिलिसेकंद येतो आणि या बोर्डावर नेमकी तीच जोडी होती. पुरवठ्यामुळे आलेला फॉल्ट मात्र धरून ठेवला जात नाही, पुरवठा सावरला की पिन लगेच वर. तेव्हा स्कोपवर (व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर) पिन खाली गेल्याने रेघेत पडणाऱ्या खड्ड्याची रुंदी मोजली की कारण कळतं.

पण आधी ‘करंट वाढवून दिला’ म्हणजे काय केलं ते बघणं भाग होतं. बोर्डावर १ मिलिओहमचा शंट, पुढे ११ पट वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि मग आयट्रिप. आयट्रिपचा उंबरठा ०.४६ व्होल्ट, म्हणजे ट्रिप साधारण ४२ अँपिअरला. (हा उंबरठा चिपगणिक ०.३७ ते ०.५५ असा हलू शकतो, म्हणून एकाच बनावटीचे दोन कंट्रोलर एक ३४ ला आणि दुसरा ५० ला ट्रिप झाला तरी दोन्ही ‘बरोबर’च असतात. दुसऱ्याच्या गाड्यावर चालतं मग माझ्या का नाही, याचं एक उत्तर इथे आहे.) या शंटवर कोणीतरी सोल्डरचा जाड थर चढवला होता. ई-बाइकवाल्यांमध्ये ही युक्ती जुनी आहे: सोल्डरने शंटचा रेझिस्टन्स कमी होतो, कंट्रोलरला करंट आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि तो ट्रिप व्हायचा थांबतो. बेंच सप्लायने शंटमधून १० अँपिअर सोडले तर १० मिलिव्होल्ट मिळायला हवे होते. सहाच्या आसपास मिळाले. म्हणजे आता ट्रिप जवळपास ७० अँपिअरला. शिवाय शंटचा मिश्रधातू तापमानाने फारसा बदलत नाही, सोल्डर बदलतो, त्यामुळे हा ७० चा आकडाही दुपारी एक आणि संध्याकाळी वेगळा.

४२ चे ७० झाले की मॉस्फेटमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. ऊस अडकला की हीटसिंक (मॉस्फेटची उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) तापणारच. पंखा का लावावा लागला, याचा उलगडा इथे झाला.

पंखा होता १२ व्होल्टचा, पीसीमध्ये असतो तसा. हीटसिंकवर केएसडी३०१ जातीचा बायमेटल थर्मल स्विच, ५० अंशांचा, आणि पंख्याची लाल वायर थेट बोर्डाच्या १५ व्होल्टवर टाकलेली. काम नीटनेटकं होतं, हीटश्रिंक वगैरे लावलेलं. पंख्याला १५ व्होल्ट जास्त होतात हे सोडून दिलं तरी प्रश्न वेगळाच होता. हा १५ व्होल्टचा पुरवठा गेट ड्रायव्हरसाठी बनवलेला. गेटना सरासरी करंट किती लागतो? एका मॉस्फेटचा गेट चार्ज दीडशे नॅनोकुलम धरला, एका वेळी दोन स्विच होतायत आणि पीडब्ल्यूएम (मॉस्फेट चालू-बंद करण्याचा वेग) १६ किलोहर्ट्झ, तर पाचेक मिलिअँपिअर. एवढ्यासाठी कोणी मोठा कन्व्हर्टर बसवत नाही. त्याच्यावर पंखा म्हणजे हातगाडीला ट्रॉली जोडल्यासारखं.

बेंचवर मोटर रिकामी फिरवायला ठेवली. स्कोपचा एक प्रोब ड्रायव्हरच्या व्हीसीसी, म्हणजे १५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या पिनवर, अगदी चिपच्या पायाशी, दुसरा फॉल्टवर, ट्रिगर फॉल्टच्या उतारावर. दोन्ही प्रोबचे क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला. इथे एक काळजी: स्कोपचं ग्राउंड अर्थिंगला जोडलेलं असतं, म्हणून असं मोजताना चार्जर लावलेला नको आणि क्लिप चुकूनही फेजच्या वायरला लागता कामा नये. मग हॉट एअर गनने थर्मल स्विच हळूहळू तापवायला घेतला.

स्विचचा ‘टक्’ आवाज, पंख्याने मारलेला पहिला झटका आणि मोटर बंद होणं, तिन्ही एकाच क्षणी. लाल दिवा.

स्क्रीनवर १५ व्होल्टची रेघ सरळ खाली साडेसातपर्यंत पडलेली आणि दीड-दोन मिलिसेकंदांत वर चढून आलेली. फॉल्टचा खड्डा मिलिसेकंदाच्याही आतला. म्हणजे धरून ठेवलेला नाही, करंटचा नाही. आयट्रिपवर प्रोब लावून परत तेच केलं तर तिथे काहीच हालचाल नाही. साडेसात व्होल्टवर ७८०५ जेमतेम तग धरतो, म्हणून मायक्रोकंट्रोलर रिसेट होत नव्हता आणि शुद्धीत राहून ‘ओव्हरलोड’ नोंदवत होता.

पण एवढासा पंखा लागला म्हणून साडेसात व्होल्टची घसरण का? कन्व्हर्टरच्या आउटपुटला २२० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होता, हीटसिंकला जवळपास चिकटून. काढून कपॅसिटर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर लावला तर ४० मायक्रोफॅरॅडच्या आसपास. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी कमी झालं की दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. याच्या नशिबी उलटी दिशा होती. पंख्याच्या आतही स्वतःचा एक कपॅसिटर असतो, पूर्ण रिकामा. स्विच लागताच ४० मायक्रोफॅरॅडमधला चार्ज दोघांत वाटला जातो. पंख्यातलाही तेवढाच असेल तर १५ चे साडेसात होणार, सरळ हिशोब. नवा २२० लावून प्रयोग परत केला तर रेघ साडेबारापर्यंतच घसरली आणि मोटर फिरत राहिली. पंखा काढून जुना कपॅसिटर परत बसवला तरी मोटर फिरत राहिली. दोष दोघांच्या जोडीत होता.

मावशींचं ‘गर्दीत नाही होत’ आता जागेवर बसलं. गर्दीत हीटसिंक सतत ५० अंशांच्या वर, पंखा एकदा लागला की लागलेलाच. गिऱ्हाईक तुरळक असलं की हीटसिंक निवतो, पंखा थांबतो, दोन ग्लास काढले की परत तापतो आणि स्विच परत टक्. प्रत्येक टक् म्हणजे बंद पडण्याची एक संधी. आणि किल्ली फिरवल्यावर चालायचं कारण तेव्हा स्विच लागलेलाच असायचा. पंखा आणि कंट्रोलर एकत्र उठायचे आणि मोटर सुरू होईपर्यंत पुरवठा स्थिरावलेला असायचा. रस्त्यावरच्या गोंगाटात पंख्याचा आवाज कोणाला ऐकू येणार?

दुसरी तऱ्हा, अडखळत थांबण्याची, खरोखरच ओव्हरलोडची होती. ती तपासायला मुलाने उसाची मोळी आणली. मुद्दाम दुमडलेलं चिपाड आणि दोन कांडी एकदम घातली तेव्हा घुंगरू अडखळले, आयट्रिप वर गेला, १५ व्होल्ट हलले नाहीत आणि फॉल्टचा खड्डा पावणेदोन मिलिसेकंदांच्या जवळपास. वर्कशॉपातल्या सगळ्यांना रस मिळाला, निदान पक्कं झालं.

दुरुस्तीत पहिलं काम सोल्डर उतरवणं नव्हे, शंटच बदलणं. एकदा थर चढवलेला शंट साफ करून मूळ किमतीला येईल याची खात्री नसते. नवा १ मिलिओहमचा बसवला आणि १० अँपिअर सोडून मोजला. मग कपॅसिटर: ४७० मायक्रोफॅरॅड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला), हीटसिंकपासून लांब, वायर न लांबवता. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला, तपकीर गल्लीत तो मिळतो, पण ‘लो-ईएसआर’ तोंडाने मागावा लागतो, नाहीतर साधा हातात येतो. ड्रायव्हरच्या व्हीसीसी पिनला अगदी लागून १० मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक. नव्या कपॅसिटरवर पंखा तसाच ठेवला असता तरी चाललं असतं, दोन-तीन उन्हाळे. म्हणून पंखा १५ व्होल्टवरून काढून बॅटरीवरच्या वेगळ्या छोट्या १२ व्होल्ट कन्व्हर्टरवर टाकला.

प्रोग्राम बदलता येत नव्हता, मायक्रोकंट्रोलर लॉक केलेला. मुलाचं म्हणणं होतं की फॉल्ट आला तर आपोआप परत चालू होईल असं काहीतरी करा, किल्ली फिरवायचा त्रास नको. रिसेटचा सर्किट बाहेरून लावणं अवघड नाही. पण मी नाही म्हटलं आणि कोणीही म्हणावं. अडकलेलं चिपाड माणूस हाताने ओढतो. त्या क्षणी लाटा आपोआप फिरल्या तर काय होईल हे रसवंतीवाल्याला सांगावं लागत नाही. या कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये बाकी काही असो, किल्ली फिरवेपर्यंत थांबणं ही एक गोष्ट बरोबर लिहिलेली आहे. ती तशीच राहू दिली.

त्याऐवजी एलएम३९३ कंपॅरेटरवर एक छोटा लॅच बनवला: १५ व्होल्टची रेघ ११ च्या खाली गेली की पिवळा दिवा लागतो आणि किल्ली बंद करेपर्यंत जळत राहतो. लाल एकटा असेल तर ऊस, लालसोबत पिवळा असेल तर फोन करा, एवढंच मावशींना सांगितलं. ‘ओव्हरलोड’वर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून टाकला.

एक तक्रार उरली आणि ती रास्त आहे. ट्रिप ७० वरून ४२ वर आल्यामुळे जाड ऊस तिसऱ्यांदा घातला की चरक आता पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबतो. मुलाला ते मागे गेल्यासारखं वाटतं. ॲम्प्लिफायरचा गेन थोडा कमी करून ट्रिप ५० पर्यंत नेता येईल, पण हीटसिंक पत्र्याच्या पेटीला थर्मल पॅडने नीट जोडल्याशिवाय नाही, आणि त्यासाठी पेटी सावलीच्या बाजूला हलवावी लागेल. गाडा बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे ते काम पावसाळ्यात द्यायचं ठरलंय, तोवर तिसऱ्या वेळी कांडी एकेकच घालायची.

याच बनावटीचा कंट्रोलर असलेला आणखी एक गाडा नंतर मावशींच्या ओळखीतून आला, तसंच ‘लाल दिवा, मधेच बंद’ म्हणून. त्याला पंखा नव्हता, शंट कोरा होता, कपॅसिटर धडधाकट. फॉल्टचा खड्डा दरवेळी पावणेदोन मिलिसेकंदांच्या जवळपास. बोर्ड बाजूला ठेवून लाट हाताने फिरवली तर एका बाजूचं बेअरिंग कोरडं पडून घासत होतं. बेअरिंग बदललं, कंट्रोलरला हात लावला नाही.